छायाचित्रणाचे वर्ग : डोळस नोंदीचे शिक्षण

छायाचित्रण ही हौशी लोकांची किंवा व्यावसायिकांची कला आहे, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. लग्नसमारंभ, पाहुण्यांचा सत्कार किंवा शाळेचा वार्षिक गट एवढ्यापुरताच खेड्याचा कॅमेऱ्याशी संबंध येत असे. आता ही परिस्थिती पालटली आहे. शेतकऱ्याने आपल्या शेतातील पिकाचे छायाचित्र स्वतः काढून शासनाकडे पाठवावयाचे, अशी ई-पीक पाहणीची पद्धत महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी स्थळ-काळाची नोंद असलेल्या छायाचित्रांसह घेणे १ जानेवारी २०२३ पासून सर्वत्र बंधनकारक करण्यात आले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलांतही बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे पाहून हप्ते दिले जातात. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, मजुरी आणि घरकुलाचा हप्ता अशा जीवनावश्यक बाबी आज छायाचित्राशी जोडल्या गेल्या आहेत.

तथापि छायाचित्र कसे काढावे, ते कसे वाचावे आणि कसे जपून ठेवावे, याचे शिक्षण मात्र फारच थोड्यांना मिळालेले आहे. यंत्र हाती आले, विद्या आली नाही, अशी ही अवस्था आहे. सातारा जिल्ह्यातील कोरेगावसारखा तालुका डोळ्यांसमोर ठेवून मुलांसाठी व प्रौढांसाठी छायाचित्रणाचे वर्ग कसे चालविता येतील, याचा विचार या लेखात केला आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

छायाचित्रणाचा वर्ग ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. १८३९ मध्ये या कलेची पॅरिसमध्ये जाहीर घोषणा झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे अध्यापन सुरू झाले. हरिश्चंद्र चिंतामण हे तेथे शिकून पुढे व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून प्रसिद्धीस आले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकीय व्यवसाय सांभाळून छायाचित्रणात रमलेले होते. रसायने, काच आणि सूर्यप्रकाश यांवर चालणारी ही कला त्या काळी विज्ञानशिक्षणाचाच एक भाग मानली जात होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

पुढील काळात दादासाहेब फाळके यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले. छायाचित्रणाचा त्यांचा पाया बडोद्यास घातला गेला आणि त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसायही केला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतः घडविला. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार ठरल्या.

कोरेगावच्या शेजारीही कलेची मोठी परंपरा आहे. रहिमतपूरहून जवळ असलेल्या औंध येथे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालय उभारले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. औंधला दीर्घकाळ वास्तव्य केलेले वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी त्यापूर्वी लाहोरमध्ये चित्रकला व छायाचित्रण यांवर उपजीविका केली होती. औंधच्या संग्रहालयातील चित्रांत प्रकाश कोणत्या बाजूने येतो आणि छाया कोठे पडते, एवढाच प्रश्न घेऊन मुलांना तेथे नेले, तरी तो छायाचित्रणाचा उत्तम पाठ होईल.

पहिला पाठ : काळोखी खोली

वर्गाची सुरुवात कॅमेऱ्याने करू नये. शाळेच्या एका खोलीची दारे-खिडक्या जाड पुठ्ठ्याने व काळ्या कापडाने बंद कराव्यात. उन्हाकडील खिडकीच्या पुठ्ठ्यास एक लहान भोक पाडावे. डोळे अंधाराला सरावले की समोरच्या भिंतीवर बाहेरचे झाड, कौले, ध्वजस्तंभ यांचे रंगीत परंतु उलटे चित्र उमटलेले दिसते. प्रकाश सरळ रेषेत जातो. झाडाच्या शेंड्याकडून येणारा किरण भोकातून खाली उतरतो आणि बुंध्याकडून येणारा वर चढतो, म्हणून चित्र उलटे पडते. पाठ्यपुस्तकातील आकृती पाहून जे समजत नाही, ते येथे काही क्षणांत समजते.

यानंतर भोकाचा आकार बदलून पाहावा. रुपयाच्या नाण्याएवढे भोक ठेवल्यास चित्र उजळ पण पुसट दिसते. भोक लहान केल्यास ते रेखीव होते, परंतु मंद होते. प्रकाश आणि स्पष्टता यांतील ही देवाणघेवाण म्हणजे छायाचित्रणाचे मर्म होय. सूर्याचे बिंब थेट भिंतीवर घेतल्यास त्याचा व्यास भोकापासूनच्या अंतराच्या सुमारे एकशेनवांश असतो. भिंत तीन मीटरवर असल्यास, लहान भोकातून, ते बिंब सुमारे तीन सेंटिमीटर भरते. दुपारी दाट झाडाखाली जमिनीवर पडणारे गोल कवडसे ही सूर्याचीच चित्रे होत. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे कोरीसारखे दिसतात. भोकातून सूर्याकडे पाहावयाचे नाही, ही सूचना मात्र प्रत्येक वेळी द्यावी.

हाच प्रयोग पुढे डब्यात उतरविता येतो. दहा सेंटिमीटर खोल डब्याच्या तळाशी सुईने सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित लहान छिद्र पाडावे, उघड्या तोंडाशी तेलकट कागद ताणून बसवावा आणि कागदाभोवती काळे कापड धरून पाहावे. प्रत्येक मुलाचा स्वतःचा कॅमेरा तयार होतो व त्यास खर्च जवळजवळ येत नाही.

दुसरा पाठ : उन्हाचे निळे ठसे

प्रकाशाने चित्र दिसते हे कळल्यावर, ते कागदावर टिकते कसे, हा प्रश्न आपोआप येतो. त्यासाठी माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत करता येईल अशी सोपी रीत जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये शोधून काढली. शंभर मिलिलिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या शंभर मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड विरघळवावे. दोन्ही द्रावणे समप्रमाणात मिसळून मंद प्रकाशात जाड कागदावर कुंचल्याने लावावीत आणि कागद अंधारात वाळवावा. त्यावर पिंपळाचे पान, नेचा किंवा गवताचा तुरा ठेवून वरून काच दाबावी आणि कागद उन्हात ठेवावा. कडक उन्हात पाच ते पंधरा मिनिटे पुरतात. नंतर साध्या पाण्यात धुतले की निळ्या भूमीवर पानाची पांढरी आकृती उमटते. स्थापत्य अभियंत्यांचे जुने निळे नकाशे याच तत्त्वावर तयार होत. १८४३ मध्ये अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्रज बाईंनी समुद्रशैवालांची ओळख करून देणारे पुस्तक अशाच ठशांनी सजविले होते. हा पाठ विज्ञानशिक्षकाच्या देखरेखीखालीच घ्यावा, हातमोजे वापरावेत आणि ही रसायने तीव्र आम्लापासून व उष्णतेपासून दूर ठेवावीत.

मुलांसाठी : घेवड्याचा महिना

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढण्यापूर्वी, एक छोटा प्रयोग केला होता. कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ त्यांनी कॅमेरा एकाच जागी ठेवून चित्रामागून चित्र घेत टिपली. ती चित्रे सलग दाखविताच रोप डोळ्यांदेखत वाढू लागले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटविण्यास हे ‘अंकुराची वाढ’ त्यांच्या उपयोगी पडले.

हाच प्रयोग कोरेगाव तालुक्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेत करता येण्यासारखा आहे. या भागातील वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बियांवरील वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषांमुळे त्यास हे नाव पडले. कुंडीत घेवड्याचे बी पेरावे. मोबाइल ठेवण्यासाठी लाकडाची किंवा विटांची पक्की बैठक करावी, कुंडीची जागा खडूने आखून घ्यावी आणि रोज परिपाठाच्या वेळी एकच छायाचित्र काढावे. शेजारी मोजपट्टी उभी ठेवावी. तीस दिवसांत तीस छायाचित्रे होतात. त्यांवरून उंचीचा आलेख काढता येतो, पाने कोणत्या दिवशी उलगडली हे सांगता येते आणि निबंधही लिहिता येतो. गणित, विज्ञान आणि भाषा हे तिन्ही विषय एका कुंडीपाशी एकत्र येतात.

मुलांच्या वर्गात आणखी एक नियम उपयुक्त ठरेल. एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यात एका फिल्मवर बाराच छायाचित्रे निघत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस विचार करीत असे. आज एका मिनिटात पन्नास छायाचित्रे निघतात आणि एकही पुन्हा पाहिले जात नाही. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यास आठवड्यास बारा छायाचित्रांचीच परवानगी द्यावी आणि त्यांतील तीन त्याने स्वतः निवडून, ती का निवडली हे चार ओळींत लिहावे. निवड करणे हाच या शिक्षणाचा निम्मा भाग आहे.

विषय दूर शोधण्याची गरज नाही. पुणे–मिरज लोहमार्गावरील वाठार, कोरेगाव, रहिमतपूर ही स्थानके, नांदगिरीचा कल्याणगड, किन्हईचे यमाई मंदिर, जरंडेश्वराचा डोंगर, आठवडेबाजार, लोहाराचा भाता आणि आजीचे जाते असे विषय गावोगावी आहेत. घरातील जुन्या छायाचित्रांची ओळख वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहून घेणे हाही एक स्वाध्याय होऊ शकतो. मागे नाव, वर्ष, गाव न लिहिलेले छायाचित्र एका पिढीनंतर मुके होते.

प्रौढांसाठी : शेत, काम आणि पाणी

प्रौढांच्या वर्गाचे उद्दिष्ट अधिक व्यावहारिक असावे. शेतकरी, रोजगारसेवक, अंगणवाडी सेविका, बचत गटातील महिला आणि पंचायत सदस्य यांना पुढील गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवाव्यात.

खिशातील घामाने व धुळीने भिंग मळते, त्यामुळे छायाचित्र धुरकट येते. प्रथम मऊ कापडाने भिंग पुसावे. सूर्य पाठीशी किंवा बाजूस घ्यावा. समोर घेतल्यास माणसांचे चेहरे काळे पडतात आणि हजेरीच्या छायाचित्रात मजूर ओळखू येत नाहीत. कोपरे अंगाशी टेकवून दोन्ही हातांनी मोबाइल धरावा. पडद्यावर चित्र मोठे करण्याऐवजी चार पावले पुढे जावे. पडद्यावरील चित्र ताणले की बारकावे नाहीसे होतात.

पिकाचे किंवा नुकसानीचे चित्रण तीन अंतरांवरून करावे : दुरून संपूर्ण शेत आणि ओळखीची खूण, म्हणजे विहीर, बांध किंवा झाड, मध्यम अंतरावरून पिकाच्या ओळी, आणि जवळून रोगट पान किंवा आडवे झालेले ताट. जवळच्या चित्रात नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. मोबाइलमधील दिनांक, वेळ व स्थाननिश्चिती बरोबर आहे की नाही हे आधी पाहावे. मोकळ्या आकाशाखाली थोडे थांबल्यास स्थान अधिक अचूक मिळते. निरोप पाठविण्याच्या नेहमीच्या साधनांतून छायाचित्र पाठविले की त्याचा आकार लहान होतो आणि त्यातील स्थळ-काळाची माहितीही बहुधा गळून पडते. म्हणून मूळ छायाचित्र नेहमी जपून ठेवावे. तंटा उद्भवल्यास मूळ प्रतच उपयोगी पडते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदी पुराव्यात दाखल करताना विहित प्रमाणपत्र जोडावे लागते.

जलसंधारणाच्या कामांत छायाचित्रणाचे महत्त्व कोरेगाव तालुक्यास वेगळे सांगावयास नको. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी २०१६ मध्ये, पहिल्याच वर्षी, जे तीन तालुके निवडण्यात आले, त्यांत वरूड व अंबेजोगाईबरोबर कोरेगाव होता आणि या तालुक्यातील वेळू या गावाने प्रथम क्रमांक मिळविला. श्रमदानाने डोंगरउतारावर खोदलेले चर पहिल्या काही वर्षांत ठळक दिसतात. पुढे ते गाळाने भरतात, गवताने झाकले जातात. कोणता चर भरला, कोणता बांध फुटला, हे स्मरणावर सोडले तर दुरुस्तीचे नियोजन होत नाही.

यासाठी ठरावीक जागेवरून छायाचित्रण करण्याची पद्धत गावाने स्वीकारावी. शिवारात आठ-दहा जागा निवडून तेथे दगडावर रंगाने क्रमांक घालावा. प्रत्येक जागेवरून, त्याच दिशेने, वर्षातून दोनदा, म्हणजे मे महिन्यात आणि ऑक्टोबर महिन्यात, छायाचित्र काढावे. चर व बांध यांची खोली दिसावी म्हणून सकाळी किंवा सायंकाळी तिरपे ऊन असताना चित्र घ्यावे, कारण माध्यान्हीच्या उन्हात खड्डाही सपाट दिसतो. मोजमापासाठी चित्रात उंची आखलेली काठी उभी करावी. पाच वर्षांत अशी ऐंशी ते शंभर छायाचित्रे ग्रामपंचायतीच्या दप्तरी जमा होतील आणि ग्रामसभेत पाण्याविषयीची चर्चा अनुमानावर न चालता पुराव्यावर चालेल.

कॅमेरा कोणाच्या हाती?

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. खेड्याचे चित्रण आजवर बहुधा बाहेरून आलेल्या माणसाने केले. काय दाखवावे आणि काय वगळावे, हे त्यानेच ठरविले. ही दिशा उलट करण्याचे प्रयत्न जगात झालेले आहेत. चीनच्या युन्नान प्रांतात १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी कॅरोलिन वांग व मेरी अ‍ॅन बरिस यांनी ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले. शेतातील कष्ट, पाणी वाहणे, मुलांची आबाळ, आरोग्यसेवेची उणीव यांची छायाचित्रे त्या स्त्रियांनी स्वतः काढली, एकत्र बसून त्यांवर चर्चा केली आणि ती अधिकाऱ्यांपुढे मांडली. ही पद्धत पुढे ‘फोटोव्हॉइस’ या नावाने अनेक देशांत रूढ झाली. अमेरिकेतील शिक्षिका वेंडी इवाल्ड यांनी १९७० नंतरच्या दशकात केंटकी राज्यातील डोंगराळ भागात मुलांना छायाचित्रण व लेखन एकत्र शिकविले आणि पुढे गुजरातमधील एका खेड्यातही हे काम केले.

या अनुभवांतून घेण्यासारखे तत्त्व सोपे आहे. छायाचित्र काढल्यावर वर्ग संपत नाही. ते भिंतीवर लावून, यात काय दिसते, असे का होते आणि यावर काय करता येईल, या तीन प्रश्नांवर बोलावयाचे असते. नळावरील रांगेचे छायाचित्र तेथे उभ्या राहणाऱ्या महिलेने काढले, तर पाणीपुरवठा समितीस त्यातून घागरींची संख्या, घसरडी फरशी आणि रांगेतील शाळकरी मुलगीही दिसेल.

संमती आणि मर्यादा

छायाचित्रणाच्या शिक्षणात मर्यादेचे शिक्षणही आलेच पाहिजे. ज्याचे छायाचित्र काढावयाचे त्याला विचारावे, कशासाठी काढतो ते सांगावे आणि नकार दिल्यास थांबावे. हा नियम मुलांस पहिल्याच दिवशी शिकवावा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्षात आलेल्या, तसेच अत्याचारास बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या बालकाची ओळख पटेल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. मदतवाटपाच्या प्रसंगी घेणाऱ्याचा चेहरा दाखविण्याची प्रथाही पंचायत सदस्यांनी फेरविचारात घ्यावी. शिधा घेणाऱ्या माणसास त्याची प्रतिष्ठाही तितकीच प्रिय असते.

वर्गाची रूपरेषा

आठ बैठकांचा वर्ग पुढीलप्रमाणे आखता येईल. प्रत्येक बैठक दोन तासांची असावी आणि वर्गात वीसहून अधिक जण नसावेत.

१. काळोखी खोली व डब्याचा कॅमेरा.
२. निळे ठसे, प्रकाश आणि छाया यांचे निरीक्षण.
३. मोबाइल किंवा कॅमेरा हाताळणे. भिंग, स्थिरता, सूर्याची दिशा.
४. दूर, मध्यम व जवळ : एका विषयाची तीन छायाचित्रे.
५. माणसांचे चित्रण, संमती व कायदा.
६. शिवारफेरी, ठरावीक जागांचे क्रमांक व पहिली नोंद.
७. निवड, मथळा, दिनांक, स्थळ. मूळ प्रती दोन ठिकाणी साठविणे.
८. प्रदर्शन व चर्चा.

मुलांचा व प्रौढांचा वर्ग पहिल्या दोन आणि शेवटच्या बैठकीत एकत्र ठेवल्यास लाभ होईल. मोबाइलची बटणे मुलास अधिक कळतात, तर बांध कोठे फुटतो हे आजोबांस अधिक कळते. एकमेकांस शिकविण्याची ही संधी दवडू नये.

जागेचा व निधीचा प्रश्न फार मोठा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची कल्पना मांडली आहे. मुलांचा वर्ग त्या दिवसांत बसतो. २०२२ ते २०२७ या काळासाठी मंजूर झालेल्या नव भारत साक्षरता कार्यक्रमात जीवनकौशल्यांबरोबर डिजिटल साक्षरतेचाही समावेश आहे. प्रौढांचा वर्ग त्यास पूरक ठरेल. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर उभी राहिलेली गावोगावची ग्रंथालये प्रदर्शनासाठी व छायाचित्रसंग्रह जतन करण्यासाठी योग्य ठिकाणे आहेत. तालुक्याच्या गावातील अनुभवी छायाचित्रकारांस एक-दोन बैठकींसाठी सन्मानाने पाचारण करावे. काचेवर व फिल्मवर काम केलेल्या पिढीचे कौशल्य नव्या पिढीकडे सोपविण्याचा तोच मार्ग आहे. ज्यांना हा व्यवसाय म्हणून शिकावयाचा आहे, त्यांच्यासाठी पुण्याच्या भारतीय चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेनेही अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालविलेले आहेत.

अशा वर्गातून प्रत्येक विद्यार्थी छायाचित्रकार होईल, अशी अपेक्षा नाही व तशी गरजही नाही. आपल्या शेताचे, आपल्या कामाचे आणि आपल्या गावाचे खरे चित्र सादर करता येणे ही आज नागरिकाची एक गरज झाली आहे. चुकीच्या प्रकाशात घेतलेल्या एका छायाचित्रामुळे मजुराचा दिवस बुडू नये आणि नोंद न ठेवल्यामुळे गावाचे श्रम विस्मृतीत जाऊ नयेत, एवढे साधले तरी या शिक्षणाचे चीज होईल. शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांनी मिळून येत्या वर्षी आपल्या गावी एक खोली काळोखी करावी आणि एक कुंडी खिडकीत ठेवावी. सुरुवातीस एवढे पुरेसे आहे.